किलोला पाऊण

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सांगलीच्या गावभागात एका बेकरीच्या मागच्या दाराशी स्टीलचे डबे ओळीने मांडलेले दिसले. बायका पलीकडे ओट्यावर सावलीला बसल्या होत्या, नंबर डब्यांनी धरले होते. प्रत्येक झाकणावर आडनावाची चिठ्ठी आणि आत मैदा, पिठीसाखर, तूप. पाव विकणाऱ्या दुकानात बायका घरचं सामान घेऊन का येतात, ते बघायला मी थांबले आणि नंतर पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले.

कारण तसं साधं आहे. आपल्या चुलीला आणि शेगडीला आच खालूनच. चकली तळून होते, बेसन परतून होतं. नानकटाईला मात्र वरून, खालून, चारी बाजूंनी सारखी धग लागते. घरोघरी ओव्हन येण्याआधीपासून ही धग बेकरीवाल्याकडे आहे. म्हणून फराळातला हा एक जिन्नस घरातून निघतो, भट्टीत जातो आणि परत घरी येतो.

ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असलं तरी ओट्यावर कुणी रिकामं बसत नाही. एक आजी दाराच्या चौकटीसाठी क्रोशाचं तोरण विणत होत्या, लोकरीचा गुंडा पिशवीत ठेवून. शेजारच्या बाईंनी परसातला झेंडू तोडून आणला होता. बोलता बोलता त्या सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या खुडून पुढच्या वर्षासाठी बी काढून ठेवत होत्या. मध्येच आतून हाक आली, ‘‘काकू, तूप किती घातलंय?’’

हाक भट्टीवरच्या चाचांची. त्यांचं सगळं बोलणं एका मापाभोवती फिरतं : किलोला पाऊण. एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप. ‘‘त्याच्या खाली आलात की दगड होतोय, वर गेलात की पत्र्यावर पसरतंय,’’ हे ते प्रत्येकीला सांगतात, आणि ऐकून पाठ झालेल्या बायकाही माना डोलावतात.

परातीत आधी तूप आणि साखर एकत्र येतात. तळहाताच्या टाचेनं ती इतकी फेसायची, की पिवळट तूप पांढरं आणि हलकं व्हावं. तुपात कोंडलेली ही हवाच पुढे भट्टीत फुगते. मग मैदा, थोडा रवा, चिमूटभर सोडा, वेलदोडा, जायफळ. गोळे वळले, दाबले, वर चारोळी लावली, की पत्रा तयार.

खरं कसब यानंतरचं. विटांच्या त्या घुमटात रात्री लाकडं जाळतात. निखारे बाजूला ओढून तळ पुसून घेतला, की पहिल्या कडक धगीत पाव भाजतात. धग उतरत जाते तशी एकेका जिनसाची पाळी येते. नानकटाईला मधली आच हवी, टोस्टला शेवटची, नुसती वाळवणारी. एका जळणात सगळी कामं बसवायची तर कुठली धग कुणाची, हे नेमकं ठाऊक असावं लागतं. चाचांकडे तापमापक नाही. ते चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकतात. पीठ लगेच काळं पडलं तर थांबतात. सावकाश बदामी झालं तर लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकवतात. थोड्या वेळानं वेलदोड्याचा आणि भाजल्या तुपाचा वास गल्लीत उतरतो. त्या वासासाठीच मी पुन्हा जात होते, असं म्हटलं तरी चालेल.

एकदा एका तरुण मुलीनं घरी मळलेलं पीठ आणलं. चाचांनी गोळा दोन बोटांत दाबला आणि म्हणाले, ‘‘ताई, हे किलोला अर्धाच हाय.’’ वडिलांना डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलंय, ती म्हणाली. चाचांनी पुढे एक शब्द काढला नाही. तिचा पत्रा त्यांनी भट्टीच्या तोंडाशी, सौम्य जागी ठेवला आणि इतरांच्या आधी बाहेर ओढला. ‘‘आत्ता मऊ लागंल. गार होईस्तोवर डब्याचं झाकण लावू नका.’’ भाजणावळ मात्र सगळ्यांना लावली तेवढीच घेतली.

हे काम मोठ्या कष्टाचं आहे. धूर आधी त्या माणसाच्या छातीत जातो, मग गल्लीत. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश मुंबईपुरता असला, तरी आज ना उद्या हा प्रश्न प्रत्येक गावाच्या भट्टीपुढे येणार, आणि यायलाच हवा. लाकडाच्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पाळी त्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून काढावी. पण भट्टी बदलायचा खर्च एकट्या छोट्या बेकरीवाल्यावर टाकला, तर तो सरळ दुकान बंद करेल. धुराबरोबर पीठ ओळखणारी ती दोन बोटंही जातील. त्याला कर्ज मिळावं, मुदत मिळावी, आणि गॅसच्या ओव्हनसमोरही चाचांसारखाच माणूस उभा असावा.

आपण पाहुण्यांपुढे बशी सरकवत ‘घरची आहे’ म्हणतो, तेव्हा त्यातली अर्धी मेहनत आपल्या घराबाहेरची असते. तूप किलोला पाऊण मोजताना आपण काटेकोर असतो. भाजणावळ देताना मात्र हात आखडतो, दोन-पाच रुपयांची घासाघीस करतो. या दिवाळीत ती करू नये. चाचांनी सांगितलेला आकडा मुकाट्यानं द्यावा, वर डब्यातल्या चार नानकटाया त्यांच्या हातावर ठेवाव्यात. दिवसभर दुसऱ्यांचे डबे भरणाऱ्या त्या माणसाच्या घरीही फराळ व्हायचाच असतो.