रँडी ट्रॅव्हिस: कंट्री संगीताचा 'स्टार' भक्तिगीतांकडे का वळला? आवाज गेल्यावरही नवं गाणं कसं आलं?

अमेरिकेतील प्रसिद्ध गायक रँडी ट्रॅव्हिस यांना २०१३ मध्ये ब्रेन स्ट्रोक आला आणि त्यांचं गाणं थांबलं. तरीही मे २०२४ मध्ये त्यांच्या आवाजातलं नवं गाणं प्रसिद्ध झालं. हे कसं घडलं? जाणून घेऊया.

कोण आहेत रँडी ट्रॅव्हिस?
१९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील मार्शव्हिल इथं त्यांचा जन्म झाला. तरुणपणी दारू आणि चोऱ्यांमुळे ते पोलिसांच्या फेऱ्यात अडकले. शार्लट शहरातल्या एका क्लबच्या व्यवस्थापक लिब हॅचर यांनी त्यांची जबाबदारी घेतली. पुढे नॅशव्हिलमध्ये ते एकाच क्लबमध्ये स्वयंपाकही करत आणि गातही. १९८६ मध्ये आलेल्या 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ' या अल्बमने चित्र पालटलं. अमेरिकेत त्याच्या ३० लाख प्रती खपल्या.

भक्तिगीतांकडे कसे वळले?
नव्वदच्या दशकात कंट्री संगीत पॉपकडे झुकलं आणि ट्रॅव्हिस यांची जुन्या वळणाची गायकी मागे पडली. २००० मध्ये त्यांनी 'इन्स्पिरेशनल जर्नी' हा गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा अल्बम काढला. कंट्री आणि गॉस्पेल यांचं नातं जुनंच आहे. अनेक कंट्री गायकांचे पहिले सूर चर्चमध्येच लागले.

बस अपघाताची कथा सांगणारं त्यांचं 'थ्री वुडन क्रॉसेस' हे गाणं २००३ मध्ये थेट कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. पुढे गॉस्पेल अल्बमसाठी त्यांना तीन वेळा ग्रॅमी मिळाला.

मग सगळं सुरळीत झालं?
नाही. २०१० मध्ये हॅचर यांच्याशी घटस्फोट झाला. २०१२ मध्ये मद्यधुंद अवस्थेत गाडी चालवल्याबद्दल टेक्सासमध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला. भक्तिगीतं गाणाऱ्या माणसाचं व्यसन सुटलं नव्हतं. त्यानंतर वर्षभरातच हृदयविकार आणि पाठोपाठ स्ट्रोक आला. त्यातून अफेझिया जडला. या विकारात मनातलं बोलणं शब्दांत मांडणं कठीण होतं. तरीही २०१६ मध्ये 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'च्या सोहळ्यात त्यांनी 'अमेझिंग ग्रेस' गायलं, तेव्हा उपस्थितांचे डोळे पाणावले.

नवं गाणं कसं तयार झालं?
'व्हेअर दॅट केम फ्रॉम' हे गाणं आधी जेम्स ड्युप्री या गायकाने गायलं. ट्रॅव्हिस यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर एआयला प्रशिक्षण देऊन ड्युप्रींच्या आवाजावर ट्रॅव्हिस यांचा आवाज चढवण्यात आला. निर्माते काइल लेनिंग त्यांचे जुने सहकारी आहेत.

वाद कशाचा?
परवानगीशिवाय गायकांच्या आवाजाची नक्कल करणारी गाणी इंटरनेटवर फिरत आहेत. इथे मात्र स्वतः गायकाची संमती होती. त्यामुळे तंत्रज्ञान तेच असलं, तरी आवाजावर हक्क कोणाचा आणि होकार कोणी दिला, हे प्रश्न कळीचे ठरतात.