पागोळ्यांखालची बाग

घराशेजारी पर्जन्यबाग केली, तर साचल्या पाण्यात डास होणार नाहीत का, असे एका वाचकाने विचारले आहे. शंका रास्त आहे. पण अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा जातो आणि नीट केलेल्या पर्जन्यबागेतले पाणी दिवसभरात मुरते. नारळाला करतो तसले मोठे, उथळ आळेच ते; छपराचे पाणी वळवून त्यात सोडायचे.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९९०च्या सुमारास सॉमरसेट वसाहतीत पावसाच्या पाण्यासाठी तळे खोदण्याऐवजी घरोघर अशा बागा केल्या गेल्या. कल्पना कोणा पर्यावरणवाद्याची नव्हे, डिक ब्रिंकर या बिल्डरची! (बिल्डरांचे कौतुक करायची संधी क्वचित मिळते, म्हणून नोंदवून ठेवतो.)

मला मात्र भुरळ घातली ती सिॲटलच्या माशांनी. समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत परतणारे कोहो सामन पावसानंतर काही तासांत तडफडून मरत. जेनिफर मॅकिंटायर आणि सहकाऱ्यांनी हमरस्त्यावरून वाहिलेले पाणी गोळा केले. त्यात सोडलेली पिल्ले मेली. तेच पाणी पर्जन्यबागेत घालतात तशा वाळू, कंपोस्ट आणि सालींच्या थरातून गाळल्यावर मात्र सगळी जगली. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. मारेकरी सापडला २०२०मध्ये: टायरच्या रबरातल्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारे विष. त्याचे नाव कळण्याआधीच माती ते अडवत होती!

आपल्याकडचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी. १० चौरस मीटरचे, वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर खोल आळे त्यातले १,५०० लिटर धरते. बाकीचे सर चालू असतानाच मुरू लागते. बाग घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब हवी. आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरावा. चोवीस तासांत रिकामा झाला नाही, तर जागा बदलावी. भिजून फुगलेल्या काळ्या मातीत पाणी फार सावकाश उतरते, तिथे ही परीक्षा चुकवू नये. ओल आणि कोरड दोन्ही सोसणारा वाळा मध्यभागी शोभतो.

पण अशा बागांनी शहरे पुरातून वाचतील, हे ऐकले की हसू येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्याच छपरावरून ९४,४०० लिटर. तिथे मोकळे नालेच हवेत. बागेची खरी कमाई रोजच्या सरींत आहे. टायरचे ते विषही मातीत अडावे, म्हणून पागोळ्यांबरोबर गाडी उभी करायच्या फरशीवरचे पाणीही तिकडे वळवा.