पाकिटावरची मुद्रा आणि आपली कात्री

नागपुरातल्या जुन्या वाड्यांतील ट्रंका उघडल्या म्हणजे कात्रीने कापलेली तिकिटे पुष्कळदा हाती येतात. त्यांतली काही वस्तुतः तिकिटे नसतात. टपालखात्याने पाकिटावरच उठवलेल्या मुद्रेचे ते तुकडे असतात.

ती ओळखावी कशी? कडेला दाते नाहीत, एवढ्यावरून निर्णय करू नये. आपल्या १८५४ च्या तिकिटांनाही दाते नव्हते. मागे डिंक नाही हेही पुरेसे नाही. तो पाण्याने जातो. तेव्हा हलकेच बोट फिरवावे. रंगीत भूमीवर राणीचे पांढरे मस्तक उठावाचे लागले आणि कागद पाकिटाचाच दिसला, तर ती बहुधा मुद्राच समजावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळची अर्ध्या आण्याची निळी मुद्रा अशीच आहे.

आता मोलाचा प्रश्न. मुद्रेच्या आकाराबरहुकूम गोल कापलेल्या तुकड्याला सर्वांत कमी मोल. रुंद कडा राखून चौकोनी कापलेल्याला त्याहून अधिक. अखंड पाकिटाला सर्वांत जास्त. कारण उघड आहे. पत्ता, तारीख आणि टपालाचा शिक्का पाकिटावरच राहतात. कामठीचा शिक्का असलेले पाकीट छावणीतून निघालेल्या पत्राची साक्ष देते. कापलेला तुकडा बहुधा मुका असतो.

म्हणून आपण कात्री दूर ठेवावी. कापलेले पाकीट पुन्हा सांधता येत नाही.