डावं-उजवं

सकाळी ८.१०

छत्री बाहेरच्या बादलीत ठेवते आणि दिवे लावायच्या आधी साठवणीच्या खोलीतला आर्द्रतेचा आकडा बघते. ४७ टक्के. जीव भांड्यात पडतो. जुलै चालू आहे, बाहेरची हवा पिळली तर पाणी निघेल, आणि रात्री दोनदा वीज गेल्याचं रखवालदार दादांनी फाटकातच सांगितलं होतं. आकडा, वेळ, सही. पन्नाशी ओलांडली की माझी झोप उडते. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल पिऊन मऊ पडतो, शेजारच्या कागदाला चिकटतो, आणि मग बुरशी यायला वेळ लागत नाही.

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयाचा फोटो-संग्रह मी सांभाळते. गेले सात महिने एका घराण्याकडून आलेली स्टिरिओ कार्डांची चार खोकी माझ्यापुढे आहेत.

९.००

आजचं खोकं काल संध्याकाळीच थंड खोलीतून मधल्या खोलीत आणून ठेवलं होतं, झाकण न उघडता. थंड खोकं एकदम उघडलं तर फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसं दव कार्डांवर धरतं. आता उघडायला हरकत नाही. हात धुऊन कोरडे करते, मग हातमोजे.

९.३०

पहिलं कार्ड घारापुरीचं निघतं.

ज्यांनी स्टिरिओ कार्ड हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साडेतीन बाय सात इंचांचा पुठ्ठा, त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो. बघणाऱ्याला वाटतं, एकच फोटो दोनदा चिकटवलाय. पण दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानं एकाच क्षणी घेतलेली ती दोन दृश्यं असतात, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंचांचं अंतर असतं, भिंगांतही जवळपास तेवढंच. भिंगांतून पाहिलं की ती दोन्ही जुळून एकच, खोली असलेलं दृश्य दिसतं. ज्यांच्या लहानपणी घरात व्ह्यू-मास्टर होता त्यांना हे सांगायला नको.

ही युक्ती फोटोग्राफीपेक्षा जुनी आहे. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे ती मांडली तेव्हा त्याच्याकडे फोटो नव्हतेच, हातानं काढलेल्या रेघांच्या आकृत्या आणि दोन आरसे होते. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं भिंगांची पेटी केली, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, आणि घराघरांतून मागणी सुरू झाली. माझ्या टेबलावर आहे तो दांडीचा, हातात धरायचा स्टिरिओस्कोप मात्र अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्सचा, १८६१ च्या सुमाराचा. त्यानं पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवावा, कुणीही विकावा. स्टिरिओस्कोप स्वस्त झाला आणि पुढे समुद्र ओलांडून गिरगावातल्या दिवाणखान्यापर्यंत आला तो यामुळेच, असं मला वाटतं.

घारापुरीच्या कार्डाचा पुठ्ठा राखाडी आहे, कोपरे गोल आणि पूर्ण कार्डाला मुद्दाम दिलेला बाक. डाव्या कडेचं प्रकाशकाचं नाव कसरीनं खाल्लंय. मागे मथळा मात्र सहा भाषांत शाबूत आहे: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश, रशियन. अंडरवुड अँड अंडरवुडची ही पद्धत, म्हणून वहीत पेन्सिलीनं ‘बहुधा अंडरवुड’ लिहिते. कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावी १८८२ च्या सुमाराला दोन भावांनी काढलेली ही कंपनी. तिच्यासाठी हिंदुस्थानात फिरला तो जेम्स रिकल्टन, न्यू जर्सीतल्या मेपलवुडचा शाळामास्तर. १८८८ मध्ये एडिसननं त्याला दिव्याच्या तारेसाठी योग्य बांबू शोधायला पूर्वेकडे पाठवलं होतं. पुढे तो शाळा सोडून कॅमेरा घेऊन हिंडला. त्याचं हिंदुस्थान प्रवासाचं पुस्तक १९०७ साली निघालं, कार्डांच्या संचासोबत वाचायचं. आधी कार्ड डोळ्यांना लावायचं, मग पान उघडायचं. नकाशावर लाल रेघांनी दाखवलेलं असे की तुम्ही नेमके कुठे उभे आहात आणि कुठपासून कुठपर्यंत बघताय.

साध्या डोळ्यांना या कार्डात अंधार, खांब आणि एक बसलेला माणूस दिसतो. कार्ड दांडीवर बसवून हळूहळू पुढेमागे सरकवते. क्षणभर दोन प्रतिमा एकमेकींवरून घसरतात आणि मग बसतात. दालन खोल उघडतं. उशीसारख्या शीर्षांचे खांब एकामागे एक जागा घेतात. एका खांबाचा खालचा भाग गेलेलाच आहे आणि वरचा तुकडा छताला लोंबतोय, पार माझ्या कपाळापुढे. घारापुरीचे पडलेले खांब नंतर नवे घडवून बसवले गेले. आज बोटीतून उतरून आत जाणाऱ्याला दालन भरलेलं दिसतं. त्याआधी ते किती पोकळ झालं होतं, छताचं ओझं कशावर होतं, हे या साडेतीन इंचांत अजून आहे.

माणूस पुढच्या खांबाशी बसलाय. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. घोंगडीची घडी किती जाड आहे तेही कळतं, ती त्याच्या दंडापासून सुटून पुढे आलीय.

उजव्या प्रतिमेत वर एक काळा ठिपका आहे आणि स्टिरिओस्कोपमधून तो हवेत तरंगतो. वटवाघूळ असेल? डावीकडे बघते. तिथे काही नाही. दोन्ही भिंगं एकाच वेळी उघडली होती, म्हणजे वटवाघूळ असतं तर दोन्हीकडे असतं. हा नंतर पडलेला डाग.

आता मोजपट्टी. पुढच्या खांबाची कड डाव्या प्रतिमेत जिथे आहे तिथून उजव्या प्रतिमेतल्या त्याच कडेपर्यंत ७३ मिलिमीटर. मागच्या भिंतीवरच्या एका चिरेचं तसंच अंतर ७६. जवळची वस्तू कमी, लांबची जास्त, म्हणजे जोडी बरोबर लागलीय. निगेटिव्हवरून जशीच्या तशी प्रत काढली तर डावं उजवीकडे येतं, म्हणून ती कापून, अदलाबदल करून चिकटवावी लागे. कुणी विसरलं की पुढचं मागे जातं आणि खांबाच्या जागी भगदाड दिसतं. माझं लक्ष मात्र त्या तीन मिलिमीटरांवरून हटत नाही. ते अख्खं दालन तेवढ्यात मावलंय. आम्ही कार्डाचा फोटो घेताना कड जरा तिरकी कापली गेली किंवा एकच बाजू ठेवली की लेणं संपलं, उरला एक काळपट फोटो.

११.३०

फोटोग्राफीचं टेबल. आम्ही ही कार्डं स्कॅनरच्या काचेखाली घालत नाही. बाक सपाट करायला गेलं की जिलेटिनला उभ्या भेगा पडतात. एका संस्थेत अशी दाबून सपाट केलेली कार्डं मी पाहिली आहेत. प्रत्येकावर मधोमध पांढरी रेघ, काहींचा थर सुटलेला. आणि संगणकावर प्रत्येक कार्डाचा फक्त डावा अर्धा चढवलेला, ‘दुसरा सारखाच आहे’ म्हणून. त्या दिवशी मला रात्री जेवण गेलं नाही.

इथे कॅमेरा वरून टांगलेला, दोन्ही बाजूंनी दिवे, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. पुढची बाजू पूर्ण, चारही कडा दिसतील अशी. मागची बाजू पूर्ण, कोरी असली तरी. दीड तासात चौदा कार्डं होतात. याहून घाई करत नाही.

१.००

डबा. मावशींनी आज घावन आणलेत. जेवणघर खोक्यांपासून दोन मजले खाली, तो नियम आहे.

१.४०

साल ठरवायचं काम मला सगळ्यात आवडतं. कार्डावर साल छापलेलं असलं तरी ते हक्क नोंदवल्याचं, फोटो काढल्याचं त्याआधीचं असू शकतं. कंपनीच्या नावावरही भिस्त ठेवता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावची कीस्टोन कंपनी १८९२ ची. १९१२ पासून पुढच्या काही वर्षांत तिनं अंडरवुडच्या निगेटिव्ह टप्प्याटप्प्यानं विकत घेतल्या आणि स्वतःच्या नावानं छापल्या. त्यामुळे १९२० नंतरच्या पुठ्ठ्यावर १९०० ची मुंबई सापडते.

मग रस्त्यालाच विचारायचं. आता हातात घेतलेल्या कीस्टोनच्या कार्डात मुंबई महापालिकेची इमारत पूर्ण उभी आहे, म्हणजे १८९३ च्या आधीचा फोटो नाही. समोर ट्राम आहे, तिला घोडे जुंपलेत. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली आणि १९०५ मध्ये थांबली. विजेची १९०७ ची. झालं: १८९३ ते १९०५. पुठ्ठ्यावर कीस्टोन लिहिलंय म्हणून आधीच्या यादीत कुणीतरी ‘सुमारे १९२५’ घातलं होतं. ते खोडत नाही, शेजारी नवी नोंद करते, कारणासकट.

वस्तू ताडून बघायला बाहेरचे मोठे संग्रह फार उपयोगी पडतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी सुमारे ५२,००० कार्डं आहेत, प्रकाशक हक्कासाठी प्रत जमा करत त्यातून आलेली बरीच. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रॉबर्ट डेनिस संग्रहात ७२,००० च्या वर. त्या लायब्ररीनं २०१२ मध्ये दोन प्रतिमा आलटून पालटून हलवून दाखवायची सोय केली, भिंगाशिवाय खोलीचा अंदाज येतो. कीस्टोनचा साठा कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठाकडे आहे, निगेटिव्ह आणि प्रती मिळून साडेतीन लाखांच्या घरात. आमची चार खोकी त्यापुढे चिमूटभर आहेत. पण आमच्या खोक्यांतल्या कार्डांमागे घरच्या माणसांनी मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेल्या टिपा आहेत, आणि त्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

३.००

ठाण्याहून एक काका येतात. सत्तरी उलटलेली. पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली कार्डं आणि भिंगाची एक काच गेलेला स्टिरिओस्कोप. बावीस कार्डं. त्यातली नऊ मधोमध कापलेली.

“हे कुणी कापलं, काका?”

“वडिलांनी. दोन सारखेच फोटो आहेत ना, म्हणून एक आमच्या घरात ठेवला आणि एक आत्याला दिला. बहीण-भावात डावं-उजवं नको म्हणून. चुकलं का हो, मॅडम?”

काय बोलावं ते पटकन सुचत नाही. चांगल्या मनानंच केलेलं ते. कापलेला एक तुकडा उजेडात धरते. बाहेरचे दोन्ही कोपरे गोल, आतली कड कात्रीनं हळूच वाकडी गेलेली. कोपरे डावीकडे गोल आहेत, म्हणजे यांच्याकडे डावा डोळा आहे.

“आत्यांचे कुठे असतील?”

“आत्या गेली. बडोद्याला तिची नात असते.”

फोन लागतो. गुजरातीची फोडणी दिलेल्या मराठीत बोलणं होतं आणि दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर एका आल्बमच्या पानाचा फोटो येतो. काळ्या कागदावर चार अर्धी चित्रं चिकटवलेली. एक घाट, पायऱ्यांवर बायका. काकांच्या तुकड्यातला घाट तोच. आतली वाकडी कडही जुळते, वर जिथे कात्री अडखळली तिथे दोन्हीकडे तोच दात आहे.

“हे बघा, तिकडे उजवा डोळा आहे,” मी म्हणते. काका चष्मा काढून फोन अगदी डोळ्यांजवळ नेतात आणि कितीतरी वेळ बघत बसतात.

त्यांना सांगते, चिकटवलेलं ओढून काढू नका म्हणावं, आल्बमच घेऊन या. काकांचं सामान दाखल नोंदवहीत उतरवते, पावती देते. फडकंही ठेवून घेते.

४.३०

वर्णनं लिहायची वेळ. घारापुरीच्या कार्डामागे छापलेल्या मजकुरात शिल्पांबद्दल पाच ओळी आहेत आणि माणसाबद्दल एक शब्द, ‘नेटिव्ह’. फोटोग्राफरनं त्याला बसवलं ते बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. छापील मजकूर मी जसाच्या तसा नोंदवते, प्रकाशकाचे शब्द असं स्पष्ट लिहून. त्या काळी आपल्याकडे कसं बघत होते त्याचा तो पुरावा आहे, तो पुसायचा मला अधिकार नाही. पण त्याखाली आमचं वर्णन मराठीत येतं: ‘खांबाच्या पायथ्याशी बसलेला पुरुष, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.’ उद्या कुणी घोंगडीचा इतिहास शोधत आलं तर त्याला हा माणूस सापडला पाहिजे. मोजपट्टी म्हणून बसवलेला असला तरी तो त्या दिवशी तिथे होता, आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण शंभर वर्षांनीही जाड दिसतंय. नाव मिळणार नाही याचं वाईट वाटतं.

आज नऊ नोंदी पूर्ण.

६.०५

कार्डं पाकिटांत, पाकिटं खोक्यात लांब कडेवर उभी, खोकं थंड खोलीत. आकडा ४९. लिहिते, सही करते, दिवा मालवते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, देवघराखालच्या फडताळात अशी जोडचित्रांची कार्डं असतील तर एवढं करा. कापू नका. बाक सरळ करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. ओल्या फडक्यानं पुसू नका. मागे पेननं काही लिहू नका. कुणाची होती, कुठून आली, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि अर्धीच सापडली तर टाकू नका, भावंडांना एकदा विचारा. दुसरी अर्धी बडोद्यालाही असू शकते.