बारा : विभाजकांपासून श्रद्धेपर्यंत

कळंबचे कुंड

यवतमाळ-नागपूर मार्गावरील कळंब येथे चिंतामणी गणेशाचे प्राचीन स्थान आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असल्याने पायऱ्या उतरून जावे लागते. आत पाण्याचे कुंड आहे. दर बारा वर्षांनी या कुंडात गंगा अवतरते आणि चिंतामणीच्या चरणांना स्पर्श करून ओसरते, अशी श्रद्धा आहे. भूजलाची पातळी पाऊस आणि खडकाची रचना यांवर ठरते. ती कॅलेंडर पाळत नाही. तरीही श्रद्धेने दहा किंवा पंधरा न घेता बाराच का घेतले, याचे उत्तर शोधण्यासारखे आहे. ते काही अंशी आकाशात आणि काही अंशी अंकगणितात सापडते.

विभाजक

१२ चे विभाजक सहा : १, २, ३, ४, ६ आणि १२. याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. १० ला तर चारच आहेत. वाटणीच्या व्यवहारात हा गुण फार उपयोगी पडतो. जुना आणा १२ पैंचा होता. त्याचा अर्धा, तिसरा, चौथा किंवा सहावा हिस्सा अपूर्णांकाविना देता येई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९२ पैंच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशेब सोपा झाला, पण रुपयाचे तीन समान भाग पडेनासे झाले. केळी मात्र अजून डझनावरच विकली जातात.

बेरजेचा योग

स्वतःला वगळून १२ च्या विभाजकांची बेरीज १६ येते. बेरीज मूळ संख्येपेक्षा मोठी होण्याचा हा पहिलाच प्रसंग. १२ ला धरून ती २८ होते. विभाजकांची संख्या ६ आणि बेरीज २८, या दोन्ही परिपूर्ण संख्या आहेत. म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांच्या बेरजेइतक्या. हे दोन्ही गुण एकत्र असलेली आणखी एकच संख्या आजवर सापडली आहे आणि ती ७६ अंकी आहे.

संत्र्यांची रास

विदर्भातील बाजारात नीट रचलेल्या राशीच्या पोटातील एक संत्रे पाहावे. त्याच्याच थरातील सहा, वरची तीन आणि खालची तीन अशी बारा संत्री त्याला टेकलेली असतात. तेरावा समान गोल कसाबसा बसवता येईल का, यावर १६९४ मध्ये न्यूटन आणि डेव्हिड ग्रेगरी यांच्यात चर्चा झाली. न्यूटनचे मत बाराचे होते. त्याची निर्णायक सिद्धता १९५३ मध्ये मिळाली.

बोटांची पेरे

अंगठा सोडून चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे. अंगठ्याने ती मोजली की एका हातावर बारा होतात. अशी नऊ आवर्तने केली की जपाचे १०८ पूर्ण. प्रत्येक आवर्तनाला दुसऱ्या हाताचे एक बोट मिटत गेल्यास पाच बोटांत साठ होतात. साठ पळांची घटका आणि साठ संवत्सरांचे चक्र यांतही साठचाच आकडा आहे.

गुरूचे भ्रमण

गुरू ग्रह सूर्याभोवती सुमारे ११.८६ वर्षांत एक फेरी करतो, म्हणजे एका राशीत सरासरी वर्षभर राहतो. साठ संवत्सरांत त्याच्या सुमारे पाच फेऱ्या होतात. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ भरतो. बारा वर्षांचे तप हीही याच मापाची मुदत. कळंबच्या श्रद्धेतील कालावधी याच परंपरेतून आला असावा, असे मानायला जागा आहे.

बलुते

बारा बलुतेदारांच्या याद्या गावोगाव बदलतात. कुठे एक जात असते, कुठे दुसरी; बाराचा आकडा तेवढा कायम. गावगाड्याला लागणारी सर्व कामे भागली, एवढाच त्याचा अर्थ. काम जन्माने ठरवणारी ही व्यवस्था विषमतेवर उभी होती, हेही त्याच आकड्यासोबत लक्षात ठेवावे लागते.

मर्यादा

निसर्गात बारा अचूक बसत नाही. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष त्याहून जवळपास ११ दिवसांनी मोठे. हा फरक साचतो आणि साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी तेराव्या महिन्याची, म्हणजे अधिक मासाची भर घालावी लागते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो यामुळेच. गुरूचेही तसेच. सात फेऱ्यांना ८४ नव्हे, ८३ वर्षे लागतात. म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ मध्येच, अकराव्या वर्षी भरला.