मिऱ्यातले १० मिलिग्रॅम

‘टीबीमुक्त भारत’साठी ठरवलेलं २०२५ साल सरलं, टीबी काही सरला नाही. २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, पुन्हा फेऱ्या निघतील, घोषणा होतील. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ-शिरूरच्या पट्ट्यातल्या रुग्णाच्या घरात मात्र प्रश्न साधा असतो : गोळ्यांच्या जोडीला गुळवेलीचा काढा चालेल का?

टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. तो औषधाचाच रंग. पण घरच्यांना वाटतं, गोळी उष्ण पडली. मग कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडायची, तिची कागदासारखी साल नखानं सोलायची, आतलं हिरवं कांड ठेचून उकळायचं. डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही, कारण ते ओरडतील.

गुळवेलीची बाजू अगदीच पोकळ नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात नुसत्या टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या १९२ पैकी २७ जणांच्या यकृताला इजा झाली. जोडीला हळद आणि गुळवेलीचे अर्क घेणाऱ्या ३१६ पैकी फक्त दोघांच्या. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण ते मात्रा ठरवून दिलेले अर्क होते, पातेल्यातला काढा नव्हे. उलट २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले ६ रुग्ण नोंदवले. ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, अशी हरकत आयुष मंत्रालयानं घेतली. हरकत रास्त आहे. पण मग बांधावरून तोडलेली वेल तरी कोण पारखून घेतं?

या वादापेक्षा मला मिऱ्याची गोष्ट जास्त पटते. अडुळशाबरोबर पिंपळी दिली की दम्यावर गुण जास्त येतो, हे बोस नावाच्या अभ्यासकानं १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी तो धागा उचलला. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू इतक्या काढ्यांत कशासाठी? उत्तर मिरी-पिंपळीतल्या पायपरीनमध्ये सापडलं. औषध मोडून बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा ते मंदावतं, त्यामुळे औषध रक्तात अधिक उतरतं. त्यातूनच २००९ मध्ये कॅडिला फार्माची ‘रिसोरिन’ आली : रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० आणि पायपरीन अवघं १० मिलिग्रॅम. आजीच्या बटव्यातली वस्तू टीबीच्या गोळीत शिरली ती रक्तातलं औषध मोजून, श्रद्धेच्या जोरावर नव्हे.

म्हणून घरी मिरपूड वाढवून गोळ्या कमी करायच्या, असा अर्थ कुणी काढू नये. अर्धवट मात्रेनं जंतू मरत नाही, औषधाला सरावतो. दुसरा धोका काविळीचा. टीबीच्या गोळ्यांनी डोळे पिवळे झाले की पाय आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे वळतात आणि इकडे गोळ्या चालूच राहतात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठून यकृताची तपासणी करायला हवी. कुठली गोळी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तिथंच ठरतं.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं करून, मोजून शिकण्यासाठी. काढ्यालाही तोच नियम लावावा. रुग्णाच्या उपचारकार्डावर एक रकाना वाढवा : घरचं औषध कोणतं, किती, कधीपासून. आशाताईंनी ते न रागावता विचारावं, डॉक्टरांनी वाचावं. भूक लागावी, अंग धरावं म्हणून वैद्यांनी काही दिलं, तर त्यांनीही ते तिथंच लिहावं. आणि ‘त्या गोळ्या बंद करा, मी बरं करतो’ असं जो म्हणेल, त्याची पायरी पुन्हा चढू नये, मग तो कितीही नावाजलेला असो.