मोटारीची उंची वाढविताना

उज्जैन शहराच्या दक्षिण अंगाला इंदूरच्या वाटेवर नानाखेडा हा भाग आहे. तेथील बस स्थानकावर दिवसभर वाहनांची ये-जा चालू असते. मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या बसगाड्यांना पावसाळ्याची विशेष अडचण पडत नाही. परंतु डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागणाऱ्या जीपची आणि मालवाहू पिकअपची गोष्ट वेगळी आहे. माळव्याची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी मऊ होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी वाटेत दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्यामधला उंचवटा जीपच्या पोटाला घासू लागतो. अशा वेळी गाडीच्या मालकाच्या मनात साहजिकच विचार येतो की, ही गाडी चार बोटे उंच असती तर किती बरे झाले असते!

गाडी उंच करता येते आणि तशी ती करून देणारे कारागीरही आहेत. मात्र पाटे, स्प्रिंगा वा त्यांचे आधार बदलून गाडीचा सांगाडा वर उचलणे हे दिसते तितके सुटे काम नाही. मोटारीचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी बांधलेला असतो. एकाची जागा बदलली की बाकीच्यांनाही आपली जागा बदलावी लागते. आणि ती बदलून देण्याचे ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्याच्या गाडीतील माणसांचा जीव धोक्यात येतो.

प्रथम या रचनेची ओळख करून घेऊ. चाके आसाला जोडलेली असतात आणि गाडीचा सांगाडा त्या आसावर थेट न ठेवता स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाक खड्ड्यात गेले तरी सगळी गाडी त्याबरोबर आदळू नये, हा त्यातील हेतू. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेल्या विलीज जीपला पुढेमागे पोलादी पाटे होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे ती भारतभर खेड्यापाड्यांत पोहोचली. नंतरच्या गाड्यांत ही रचना बदलत गेली. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढे पीळ सोसणारा दांडा व मागे पाटे होते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या २०२० सालच्या थारला पुढेमागे गुंडाळी स्प्रिंगा आहेत. म्हणून एका गाडीचे साहित्य दुसऱ्या गाडीला चालेलच असे नाही. 'जीपचा संच' म्हणून मिळेल तो घ्यावा आणि बसवावा, ही पहिली चूक होय.

आता असा प्रश्न आहे की, उंची वाढते म्हणजे नेमके काय वर जाते? स्प्रिंगा उंच केल्या की सांगाडा वर जातो, गाडीचे पोट वर जाते, पुढचा बंपर वर जातो. परंतु ज्या गाडीला एकसंध आस आहे, तिच्या आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोलाकार भाग होता तेथेच राहतो, कारण तो स्प्रिंगेच्या खाली आहे. तो वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि चाकाचा व्यास दहा सेंटिमीटरांनी वाढविला तरी आस पाचच सेंटिमीटर वर जातो. पुष्कळांची येथेच निराशा होते. पैसे खर्च होतात, गाडी रुबाबदार दिसते, आणि चाकोरीतील उंचवट्याला आस मात्र पूर्वीसारखाच अडतो. आपली अडचण पोटाची आहे की आसाची, हे आधी गाडीखाली वाकून पाहिले पाहिजे.

उंची वाढली की पहिला परिणाम होतो तो तोलावर. कडब्याने भरलेली बैलगाडी ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. कडबा रचताना थर जितके चढतील तितका गाडीवान वळणावर सावध होतो. प्रत्येक वस्तूला एक गुरुत्वमध्य असतो. तिचे सारे वजन जणू त्या बिंदूत एकवटलेले असते. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा चाकांच्या आत पडतो तोवर गाडी उभी राहते. बाहेर पडला की ती कलंडते.

आकड्यांनी पाहावयाचे तर, समजा, एका गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांत १५० सेंटिमीटर अंतर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरांवर आहे. हिशेबाने ही गाडी आडव्या उतारावर सुमारे ४७ अंशांपर्यंत तोल राखील. स्प्रिंगा व टायर मिळून गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर गेला, की हीच मर्यादा ४३ अंशांवर येते. चार अंश क्षुल्लक वाटतील. पण हा हिशेब गाडी ताठ व स्थिर असतानाचा आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगा एका बाजूला दबतात, टायर चेपतात, टपावर सामान असते आणि गाडी धावत असते. त्यामुळे तोल याच्या कितीतरी आधी जातो. वळणावर गाडीला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० चा वेग ६० झाला तर तो जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यातच घसरत चाललेली गाडी रस्ता सोडून बाजूच्या मऊ मातीत रुतली किंवा दगडाला अडली, की पायात पाय अडकलेल्या माणसासारखी ती उलटते. गाड्या उलटतात त्या बहुधा अशाच. म्हणजे ज्या काळ्या मातीसाठी गाडी उंच केली, तीच माती उंच गाडीला अधिक घातक ठरू शकते.

दुसरा परिणाम सांध्यांवर होतो. सांगाडा वर गेला आणि आस खाली राहिला, की त्या दोघांना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी ही त्यांतली सर्वांत नाजूक. गाडी सपाट जागी उभी असताना ती सैल दिसते. परंतु चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले की ती ताणून तुटू शकते, आणि मग ब्रेकच राहत नाही. म्हणून नळीची लांबी तपासावयाची ती चाक पूर्ण खाली सोडून. इंजिनाची शक्ती आसाकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो. विलीज जीपच्या पुढच्या व मागच्या आसांत अवघे ८० इंच अंतर आहे. त्यामुळे तिचा मागचा शाफ्ट आखूड असून थोड्या उंचीनेही त्याचा कोन बराच बदलतो. कोन अति झाला की गाडी थरथरते, सांधे झिजतात, आणि शाफ्टचा सरकणारा भाग पुरेसा लांब नसला तर तो निसटतोही.

स्टीअरिंगच्या दांड्यांचेही तसेच आहे. त्यांचा कल बदलला की खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढ घेऊ लागते. पुढच्या आसाचा कल बिघडला तर वळणानंतर चाक स्वतःहून सरळ होत नाही. जुने शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडतात आणि चाकाचा सगळा भार तेच तोलू लागतात. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. टायर मोठे बसविले असतील तर वेगाचा काटाही खोटे सांगतो. टायरचा व्यास ७५ चा ८० सेंटिमीटर झाला, तर काटा ६० दाखवीत असताना गाडी ६४ च्या वेगाने धावत असते.

उंची वाढविण्याच्या काही स्वस्त युक्त्याही प्रचारात आहेत. पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालणे ही त्यांतली एक. मागच्या आसाला त्याच गाडीसाठी बनविलेला एकसंध धातूचा ठोकळा लावतात. परंतु ठोकळ्यावर ठोकळा रचणे, लाकडाचा तुकडा घालणे किंवा वळणाऱ्या पुढच्या आसाला ठोकळा लावणे हे कधीही करू नये. ब्रेक दाबताच आस पीळ खातो आणि ठोकळा निसटण्याची भीती असते. पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करणे ही दुसरी युक्ती. शॅकल जितकी लांब होते त्याच्या सुमारे निम्मीच उंची मिळते आणि आसाचा कल मात्र बिघडतो. पिळाचा दांडा असलेल्या गाडीत बोल्ट आवळून पुढचा भाग उंच करता येतो. पण त्यामुळे चाकाला खाली जाण्यास जागा उरत नाही आणि सांध्यांवर कायमचा ताण पडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडीच्या वजनाखाली माणूस जातो, तेव्हा चुकीला दुरुस्ती नसते. जागा टणक व सपाट हवी. अंगणातील ओल्या मातीत जॅक हळूहळू रुततो आणि कलतो. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. केवळ हातब्रेकवर विसंबू नये. पुष्कळ गाड्यांत तो मागच्या चाकांवरच चालतो, म्हणून मागची चाके उचलली की त्याचा उपयोग संपतो. विलीज जीपमध्ये तर तो चाकांवर नसून शाफ्टवर काम करतो. तिचे एकच मागचे चाक उचलले तरी गाडी सरकू शकते.

जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, हा नियम गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे. गाडी उचलताच सांगाड्याखाली पुरेशा ताकदीचे लोखंडी स्टँड लावावेत, त्यांवर भार सोडावा, गाडी हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. विटा व दगड यांचा आधार कधीही घेऊ नये. ते भार सोसता सोसता इशारा न देता फुटतात. काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. आसाला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा, नाही तर शॉक ॲब्सॉर्बर सोडताच तो खाली कोसळतो आणि ब्रेकची नळीही तोडतो. गुंडाळी स्प्रिंग दाबलेली असते तेव्हा तिच्यात बंदुकीच्या गोळीइतका जोर दडलेला असतो असे समजावे. ती योग्य दाबयंत्राशिवाय सोडू नये आणि तिच्या समोर उभे राहू नये. हे काम एकट्याने करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

जोडताना पाटे आवळणारे यू बोल्ट नवेच वापरावेत. जुन्या बोल्टांचे आटे एकदा ताणलेले असतात. ते एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे असे थोडेथोडे आवळीत न्यावेत आणि शेवटचा जोर मापाच्या पान्याने, उत्पादकाने सांगितला असेल तितकाच द्यावा. रबरी बुश असलेले बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच पक्के करावेत. गाडी लोंबकळत असताना ते आवळले तर रबर जन्मभर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कोठे घासतो का ते पाहावे, चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, दिव्यांचा झोत खाली आणावा आणि रिकाम्या जागी मंद वेगाने ब्रेक तपासावा. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहिले पाहिजेत.

यांत्रिक बाजू इतकी सांभाळली तरी कायद्याची बाजू उरतेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करावयाचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. या कायद्यामागे कारण आहे. एखादा नमुना बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याच्या ब्रेकची व इतर अंगांची परीक्षा होते. इंदूरजवळ पीथमपूर येथेही नॅट्रॅक्सची चाचणीपट्टी असून तेथील ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. ही परीक्षा मूळ उंचीच्या गाडीची असते. उंची बदलली की परीक्षा झालेली गाडी ती राहत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके तेच विचारते. म्हणून परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा केल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला हात लावू नये. खासगी मैदानावरील स्पर्धेसाठी उंच केलेली गाडी तेथवर दुसऱ्या वाहनावर लादून नेणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

मग काळ्या मातीत रुतणाऱ्या जीपने काय करावे? पुष्कळदा गाडी बुटकी झालेली असते ती पाटे बसल्यामुळे. वर्षानुवर्षे ओझे वाहून पाट्यांची कमान सपाट होते. ते बदलून कंपनीच्या मापाचे नवे पाटे घातले, की हरवलेली उंची परत मिळते आणि कायदाही मोडत नाही. मूळ मापाचे, पण चिखलात पकड घेणारे टायर मिळतात. मऊ जमिनीत टायरमधील हवा थोडी कमी केली तर चाक पसरून भार विभागला जातो. मात्र डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरली पाहिजे. गाडीत मजबूत दोर आणि फावडे असावे. एवढे करूनही वाट जात नसेल, तर चार दिवस उघडीप पडण्याची वाट पाहणे हाही उपायच आहे.

इतके होऊनही ज्याला गाडी उंच करावयाची असेल त्याने एक हिशेब मनाशी मांडावा. चाकोरीतून पार होण्यासाठी चार बोटे उंची मिळते ती वर्षातील थोड्या दिवसांसाठी. कमी झालेला तोल मात्र बारा महिने गाडीबरोबर असतो. बाजारहाटाला जाताना, लग्नाच्या वऱ्हाडात, मुलांना मागच्या बाकावर बसवून नानाखेड्याहून रात्री घरी परतताना. गाडी किती उंच करावी हे ठरविताना त्या मागच्या बाकाकडे एकदा वळून पाहिले, तर उत्तर चुकण्याचा संभव कमी.